अवंतीने सांगितलेली चव

उत्तरायण होऊन चारच दिवस झाले होते. बडोद्यातल्या झाडांवर, तारांवर, गच्च्यांच्या कठड्यांवर अजून फाटके पतंग लोंबत होते आणि खंडेराव मार्केटच्या बाहेर हातगाड्यांवर जामफळांचे ढीग लागले होते. अवंती घोरपडे सकाळच्या कोवळ्या उन्हात एका गाडीशी उभी राहून एकेक फळ नाकाशी धरत होती. दोन तासांनी तिला एका पाहुण्याला भेटायचं होतं. त्याच्या खोलीत ठेवायच्या परडीत सातआठ चांगली जामफळं हवी होती.

"हे पेरू वासावरून निवडायचे असतात का?"

आवाज शेजारून आला. तिनं मान वळवली. निळा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, चष्मा आणि कुतूहलानं थोडी पुढे झुकलेली मान.

"जामफळ म्हणा," ती म्हणाली. "पेरू म्हणालात की बेन ओळखतात, माणूस बाहेरचा आहे. मग वरचीच फळं देतात."

"बरं, जामफळ. मला एक निवडून द्याल?"

तिनं हाताला आलेलं एक फळ त्याच्याकडे दिलं. त्यानं ते नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा... काय सुगंध आहे."

तो निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की गडबडीत आपण त्याला बाजूला काढून ठेवलेलं कच्चं फळ दिलं. दगडासारखं टणक, हिरवंगार. त्याला कसला सुगंध? अवंतीला हसू आलं. गाडीवाली बेनही हसली. "मीठडो छे," ती म्हणाली.

गोड बोलणारा. अवंतीनं मनातल्या मनात त्या माणसाला एका खणात टाकलं — समोरच्याला बरं वाटावं म्हणून वाटेल ते बोलणारे — आणि खण बंद केला.

दोन तासांनी अलकापुरीतल्या हॉटेलच्या लॉबीत तो सोफ्यावरून उठून उभा राहिला, तेव्हा तो खण बंद ठेवणं जरा अवघड झालं.

"निहार सबनीस," तो म्हणाला. मग तिच्या हातातल्या परडीकडे बघत, "सकाळीच नाव सांगायला हवं होतं तुम्हाला. म्हणजे मी पैसे देऊन जामफळ घेतलं नसतं."

त्याला नाराज करून चालणार नव्हतं. अवंती गेली सहा वर्षं 'रसरंग' नावानं बडोद्यात सहली काढत होती. गर्दीच्या सहली नव्हेत. दोनचार पाहुणे, उत्तम हॉटेल, दिमतीला गाडी, सकाळी शहरातलं खाणं, दुपारी चित्रं आणि रात्री शांत, देखणं जेवण. पाहुणे खूश होऊन जात, पण येत मोजके. आता मुंबईच्या एका बड्या पर्यटन कंपनीनं तिच्या सहलीत रस दाखवला होता. करार झाला असता तर वर्षभराची काळजी मिटली असती. तिची, गाडी चालवणाऱ्या श्रीकृष्णभाईंची आणि पाहुण्यांना घरी जेवू घालणाऱ्या वसुंधरामावशींचीही. कंपनीचा माणूस तीन दिवस राहून सगळं बघणार, चाखणार आणि अहवाल देणार होता. त्याचा शब्द शेवटचा.

तो माणूस म्हणजे हा मीठडो.

पहिला दिवस छान गेला. सेव उसळीच्या दुकानात निहार लोखंडी बाकावर असा बसला, जणू रोज येतो. अवंतीनं दोन वाट्या मागवल्या, वर लाल तरी, कांद्याची हिरवी पात आणि मूठभर जाड शेव. तिनं पहिला घास घेतला. तो मात्र चमचा हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

"खा ना," ती म्हणाली. "शेव मऊ पडेल."

"खातो." आणि अजून क्षणभर तो तसाच बघत राहिला... मग त्यानं घास घेतला. "लसूण छान बोलतोय. आणि मागून येतो तो लवंगेचा ठसका."

बरोबर होतं. पण अवंतीचं लक्ष चवीत कुठं होतं? कोणी आपल्याला जेवताना असं बघितल्याला फार दिवस झाले होते. त्या दिवशी प्रत्येक ठिकाणी तेच झालं. हिरव्या चिवड्याच्या दुकानात, पोंकाच्या म्हणजे हुरड्याच्या तंबूत, पात्र्याच्या म्हणजे अळूवडीच्या गाडीवर. ती पहिला घास घेई, तो तिच्याकडे बघे आणि मग खाई. संध्याकाळपर्यंत तिची पंचाईत अशी झाली, की घास तोंडात घालायच्या आधी तिचा हात आपोआप केसांकडे जायला लागला.

दुपारी राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात मात्र त्यानं तिला चकित केलं. एका उंच तैलचित्रासमोर ती नेहमीचं सांगत होती, भरजरी साडी, मोत्यांचे सर, रेशमाची चमक. निहार ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "तिचा डावा पाय बघितलात?"

"पाय?"

"टाच मोजडीच्या बाहेर आहे. दमलीय ती. किती वेळ उभी केली असेल चित्रकारानं... आणि त्याला ते दिसलंय, म्हणून त्यानं ते तसंच ठेवलंय. मला वाटतं, दोघांत जरा मैत्री होती."

सहा वर्षं त्या चित्रासमोर उभं राहून अवंतीनं ती टाच पाहिली नव्हती. ती वाकून बघत राहिली. खरंच होतं की.

"अशी किती चित्रं पाठ आहेत तुम्हाला?"

"पाठ नाहीत. बघत बसायची सवय आहे. माणसंसुद्धा."

"ते कळलंय मला," ती म्हणाली आणि आपण हे मोठ्यानं बोललो हे लक्षात येऊन घाईघाईनं पुढच्या दालनाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण वसुंधरामावशींकडे होतं. मावशी दांडिया बाजारात राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी परदेशी होती. 'रसरंग'च्या पाहुण्यांसाठी त्या महिन्यातून पाचसहा वेळा रांधत आणि ते दिवस त्यांच्या अंगावर दिसत. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. भरली वांगी, साखरभात, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि गोड्या मसाल्याची आमटी. बडोद्याची मराठी आमटी, त्यामुळे गूळ जरा सढळ.

मावशींनी वाढलं. अवंती पाणी आणायला आत गेली, तर मावशी ओट्याशी पातेलं धरून उभ्या.

"अवंती, आमटी खाली लागलीय गं," त्या कुजबुजल्या. "मगाशी मुलीचा फोन आला, बोलत राहिले. करपट वास येतोय सगळा. त्यांच्या वाटीत वाढून झाल्यावर कळलं मला. दोन मिनिटांत दुसरी करते, तू तेवढी वाटी उचल."

अवंती बाहेर आली तेव्हा उशीर झाला होता. निहारनं वाटी तोंडाला लावली होती. या वेळी तिच्या तोंडाकडे बघायला समोर ती नव्हती.

"मावशी," त्यानं आतल्या खोलीकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "आमटी काय झालीय. अशी आमटी मी कित्येक वर्षांत खाल्ली नाही. अजून घेऊ का?"

मावशी दारात येऊन थांबल्या. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू उतरला. "असू दे हो," त्या म्हणाल्या. "म्हातारीची थट्टा करू नये. होतं कधीकधी."

पुढचं जेवण कसंबसं झालं. अवंती जिना उतरली. खाली गल्लीत, गाडी अजून यायची होती, तेव्हा ती त्याच्याकडे वळली.

"तुम्हाला आवडलं नाही तर सांगायचं. तेच तुमचं काम आहे. पण साठी उलटलेल्या बाईची अशी खिल्ली..."

"मी खिल्ली उडवली नाही."

"करपलेली होती आमटी. जिन्यात वास येत होता."

मग त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"मला वास येत नाही, अवंती."

"म्हणजे?"

"म्हणजे कसलाच नाही. अडीच वर्षं झाली. ताप आला होता... ताप गेला, वास परत आला नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू तेवढं कळतं. तिखटानं पोळतं. बाकी सगळं गेलं. लसूण, लवंग, करपट — सगळं नाकाचं असतं. वास गेल्यावर कळतं ते."

"आणि तुम्ही चाखण्याची नोकरी करता."

"हो."

"कशी?"

"आठवणीवर. दातांखाली काय येतं त्यावर. आणि..." तो थांबला. "समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून. चांगलं खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या तर फारच सुवाच्य."

अवंतीच्या कानशिलांत ऊन चढलं. म्हणजे काल दिवसभर... ती सेव उसळ, तो पोंकाचा तंबू, केसांकडे गेलेला आपला हात...

"त्यासाठी बघत होता तुम्ही माझ्याकडे," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा कोरडा निघाला नाही.

"काल सकाळी, हो." निहारनं चष्मा लावला. "काल संध्याकाळपासून फक्त तेवढ्यासाठी नाही."

गाडी आली. श्रीकृष्णभाईंनी दार उघडलं. दोघं मागच्या सीटवर दोन टोकांना बसली आणि गाडी कमाटी बागेकडे निघाली.

बागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा तो अवाढव्य सांगाडा आहे ना, तिथं शाळेची मुलं गलका करत होती. त्या गलक्यात बोलणं सोपं गेलं. निहारनं सगळं सांगितलं. मुंबईच्या घरी दूध करपून धूर झाला आणि शेजारीण धावत आली, तेव्हा पहिल्यांदा कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाहीही येणार. रोज चार वास घ्यायचा सराव करा. त्यानं केला, मग सोडून दिला. नोकरीत कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, महिन्याभरात येईल. मग महिने झाले, मग सांगायची वेळच निघून गेली.

"सगळ्यांत जास्त काय आठवतं?" अवंतीनं विचारलं.

"आई गेली त्याला चार वर्षं झाली. तिचं कपाट आम्ही तसंच ठेवलंय. बहीण येते, दार उघडते, म्हणते, अजून आईचा वास येतो साड्यांना. मी तिच्या शेजारी नुसता उभा राहतो."

तिचा राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही.

"आता तुम्ही काय करणार?" त्यानं विचारलं. "कंपनीला कळवलंत तर तुमचा हक्क आहे."

"आता मी तुम्हाला वसुंधरामावशींकडे परत नेणार," ती म्हणाली. "त्यांना खरं सांगा. त्या रडत असतील."

मावशी रडत नव्हत्या, पातेलं घासत होत्या. निहारनं दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. मावशींनी ओले हात पदराला पुसले, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, मग आधीच सांगायचं ने. मी दोडक्याच्या शिरांची चटणी केली असती, कुरकुरीत. दातांना तरी कळली असती." आणि त्याला आत बसवून त्यांनी खरोखरच चकल्यांचा डबा काढला.

रात्रीचं जेवण वासणा भागात होतं. राजवर्धन नावाच्या तरुण शेफनं एका बंगल्यात 'उंबरा' हे छोटेखानी जेवणघर काढलं होतं. सात टेबलं, मंद दिवे, भिंतींवर बडोद्यातल्या नव्या चित्रकारांची चित्रं आणि एकामागून एक येणारे नऊ पदार्थ. सगळे इथल्याच मातीतले, पण नव्या रूपात. सहलीचा हा कळसच होता. एरवी अवंती पाहुण्यांना टेबलापर्यंत सोडून घरी जायची.

"बसाल?" निहारनं विचारलं. "आज चेहरा वाचणार नाही. विचारीन."

ती बसली.

पहिला पदार्थ आला. काळ्या दगडी ताटलीत भाजलेल्या वांग्याचा ओळो, आपल्या भरताचाच भाऊ, वर बाजरीचा पापडासारखा पातळ तुकडा. तिनं घास घेतला. डोळे मिटले.

"आधी धूर," ती हळूच म्हणाली. "पण चुलीचा नाही. थंडीत शेकोटीपाशी बसतो ना आपण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाल अंगावर घेतो... तो."

"पुढे?"

"पुढे हिरवा लसूण. कोवळा. भांडायला आलाय, पण हसत हसत."

निहारनं घास घेतला. चावला. त्याचा चेहरा शांत होता, लक्ष मात्र कुठंतरी आत लागलं होतं. "शाल कुठल्या रंगाची?"

"हे काय विचारणं झालं?"

"मला रंग दिसला तर सोपं जातं."

"तपकिरी. बापूंची, माझ्या वडिलांची आहे. त्यांच्या रेल्वेच्या नोकरीतली."

तिसरा पदार्थ पारदर्शक रस्सा होता, उंधियूचा सगळा मसाला पाण्यात उतरवलेला, मधे मेथीचा एकच तळलेला गोळा, मुठिया. अवंतीनं चमचा तोंडाला लावला आणि मग तो रश्श्यात नुसताच फिरवत राहिली.

"नसेल सांगायचं तर..."

"नाही, सांगते. शाळेतून घरी यायचे तेव्हा आई मेथी निवडत बसलेली असायची. माझी वेणी सैल झालेली असायची, ती तशाच हातांनी घट्ट करायची. दुसऱ्या दिवसापर्यंत केसांना तो वास... मुलं चिडवायची." ती हसली. "तो आहे यात. तसाच."

निहारनं चमचा खाली ठेवला. टेबलावर तिचा हात होता, त्याच्या हातापासून चार बोटं लांब. त्यानं तो धरला नाही. फक्त आपला हात थोडा सरकवला — दोन बोटं.

"अडीच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खाल्लं मी," तो म्हणाला.

नऊ पदार्थ संपायला अडीच तास लागले. केशर घातलेल्या बासुंदीपर्यंत दोघं अहो-जाहोवरून कधी घसरली ते कळलं नाही. निहार मधूनमधून वहीत टिपत होता. शेवटी त्यानं वही मिटली.

"उद्या अहवाल लिहीन. तुझेच शब्द आहेत सगळे, असा अहवाल मी आजवर लिहिलेला नाही. करार झालाच म्हणून समज."

अवंतीला क्षणभर फार बरं वाटलं. वर्षभराची काळजी. मावशी, श्रीकृष्णभाई... कोणाला कळणार होतं? शब्द खोटे नव्हते, चव खोटी नव्हती.

"माझे शब्द घे," ती म्हणाली. "पण त्याखाली तुझं नाव घालू नकोस."

"म्हणजे?"

"लिही, की हे अवंतीनं सांगितलं. मी चाखलं नाही, मला चाखता येत नाही."

"मग नोकरी जाईल माझी. आणि कदाचित तुझा करारही. पुन्हा कोणी येईल, न येईल..."

"माहीत आहे."

"तरी?"

तिनं बासुंदीची वाटी बाजूला सरकवली. "तू त्या बाईची मोजडीबाहेरची टाच बघितलीस. एवढं खरं बघणारा माणूस रोज बसून खोटं लिहितो... दमत नाहीस तू?"

तिला कारेलीबागेत सोसायटीच्या फाटकाशी सोडताना तो फक्त "येतो" म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ठरल्याप्रमाणे फतेगंजमधली दोन कलादालनं पाहिली, नम्रपणे, जवळजवळ अबोल, आणि दुपारच्या गाडीनं गेला.

मग काही नाही. ना फोन, ना निरोप. आठवडा गेला. अवंतीनं स्वतःला समजावलं, की तीन दिवसांत कोणी कोणाचं होत नसतं. सहली चालू होत्या. संग्रहालयात पाहुण्यांना ती आता डावा पाय दाखवायची आणि दाखवून झाल्यावर दुसरीकडे बघायची. बापू, तिचे वडील, संध्याकाळी झोपाळ्यावर बसून तिच्याकडे पेपराच्या वरून बघत. एकदा म्हणाले, "तब्येत बरी आहे ने तुझी? शाकात मीठ नाही आज."

पंधराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. आधीच्या परीक्षकांनी प्रकृतीच्या कारणानं खाद्यविषयक मत देण्यास असमर्थता कळवली आहे, त्यामुळे दुसऱ्या परीक्षकांना नव्यानं भेट द्यावी लागेल. म्हणजे त्यानं लिहिलं होतं. अवंतीनं ते पत्र तीन वेळा वाचलं. तिला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली, की आता तो काय करत असेल. फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. त्याचं सगळं गेलं ते आपल्या एका वाक्यानं. आता आपण कोणत्या तोंडानं विचारायचं, बरा आहेस का?

फेब्रुवारीत कंपनीकडून आनंदी कामत नावाच्या बाई आल्या. चटपटीत, स्पष्ट. त्यांनी सगळं चाखलं, मावशींच्या आमटीची दुसरी वाटी मागितली आणि सेव उसळ मात्र श्रीमंत पाहुण्यांना शोभणार नाही म्हणून गाळायला सांगितली. अवंती म्हणाली, "ती गाळली तर बडोदं कशाला दाखवायचं?" बाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि यादीवरची काट पुसली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात करार झाला, एका वर्षाचा.

करारावर सही करून कागद पाठवले त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, अवंती सुरसागर तळ्याच्या काठी पाहुण्यांचा एक गट गाडीत बसवत होती. गाडी गेली. ती वळली, तर कठड्याला टेकून निहार उभा होता.

थोडा वाळला होता. तोच निळा सदरा.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आनंदीताईंनी कळवलं, सही झाली."

"दीड महिना," अवंती म्हणाली. बाकीचं वाक्य तिला सापडेना.

"तुझा करार होईपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. कोणी म्हणायला नको, की आधीच्या परीक्षकाशी हिचे धागेदोरे होते, म्हणून मिळाला."

"मला तरी सांगायचं होतंस, की असं ठरवलंय."

"हो," त्यानं मान्य केलं. "ते चुकलं. फोन केला असता तर तेवढंच सांगून मला ठेवता आला नसता."

तळ्यावर वारा होता. मधल्या शंकराच्या मूर्तीवर उतरतं ऊन पडलं होतं. ती त्याच्या शेजारी कठड्याला टेकली.

"नोकरी?"

"चाखण्याची गेली. त्या अडीच वर्षांतले सगळे अहवाल परत तपासताहेत, त्यांच्याशी सहकार्य करतोय. ओशाळवाणं आहे, पण झोप येते. साहेब बराच रागावले. मग म्हणाले, तुझे डोळे शाबूत आहेत ना? आता कलादालनं, संग्रहालयं, चित्रकारांच्या भेटी, असल्या सहली आखायच्या. पगार कमी. पण मुंबईतच राहायला हवं, असं नाही."

"कुठं राहणार मग?"

"इथंच, समा भागात एक खोली बघितली आज सकाळी. मालक म्हणाले, मराठी माणूस आहात ना, मग हरकत नाही." तो थांबला. "तू हरकत घेणार असशील तर अहमदाबादही चांगलं शहर आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"अहमदाबादचे लोक."

ती हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा, पोटातून.

"अवंती." त्याचा आवाज हळू झाला. "मला तुझा... तुझ्या घराचा, केसांचा, कशाचाच वास कधी येणार नाही कदाचित. डॉक्टर काही सांगत नाहीत. सराव परत सुरू केलाय, पण त्याच्या भरवशावर मी काही बोलत नाहीये. आहे एवढ्यावर बोलतोय. तू मला आवडतेस. त्या तीन दिवसांतच आवडलीस, आणि तू जे बोललीस त्यानंतर तर..."

"त्यानंतर तर तू पळून गेलास."

"आणि आलो."

अवंतीनं त्याच्याकडे नीट बघितलं. कपाळावरच्या आठ्या, चष्म्याआडचे थकलेले, सरळ बघणारे डोळे. हा माणूस आता कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नव्हता. कठड्यावर त्याचा हात होता. चार बोटं अंतर तिनंच पार केलं. त्याची बोटं थंड होती. तिच्या मुठीत ती हळूहळू उबदार झाली. बराच वेळ दोघंही तळ्याकडे बघत राहिली. समोरच्या रस्त्यावर दिवे लागले.

"रात्री जेवायचं काय ठरवलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही. हॉटेलात..."

तिनं एका हातानं फोन काढला. दुसरा हात सोडला नाही.

"बापू, मी निघाले. कूकरमध्ये भात थोडा जास्त लावा. बरोबर एक जण आहे."

पलीकडून बापूंचा आवाज निहारलाही ऐकू आला. "पाहुणे आणतेयस? मग बाहेरून काही गोडाचं आणायचं का?"

अवंतीनं निहारकडे बघितलं. तो श्वास रोखून ऐकत होता.

"नको, बापू," ती म्हणाली. "पाहुणा नाही. घरचाच धरा."